बांधील नसलेला खर्च

सरकारी पैशाच्या हिशेबात ज्यांनी नोकरी काढली, त्यांना ऑक्टोबर महिन्याचा स्वभाव ठाऊक असतो. एप्रिलपासूनचं निम्मं वर्ष सरलेलं असतं, खर्चाचा कल कळलेला असतो, मार्चअखेर किती तूट येणार याचा अंदाज बांधता येतो, आणि मग वरून विचारणा येते की उरलेल्या सहा महिन्यांत कुठे किती वाचवता येईल. अंदाजपत्रकाच्या टेबलावर बसणारा माणूस तेव्हा कशाचा उपयोग कमी आहे हे शोधत नाही. तेवढा वेळ नसतो आणि तो अधिकारही नसतो. तो कोणता खर्च अजून बांधला गेलेला नाही हे शोधतो. पगार बांधील, निवृत्तिवेतन बांधील, व्याज बांधील, वीजबिल आणि कंत्राटदारांची देयकं बांधील. एकेक लेखाशीर्ष असं वगळत गेलं की शेवटी तीन-चार उरतात: प्रवास, किरकोळ दुरुस्ती, पुस्तकं आणि प्रशिक्षण. त्यांतही प्रशिक्षण सगळ्यांत आधी कापलं जातं, कारण ते रद्द केलं तर त्या दिवशी कुणाची तक्रार येत नाही, कुठलं काम अडत नाही आणि वाचलेली रक्कम त्याच महिन्याच्या पत्रकात दाखवता येते. या कामात राहून मला एक गोष्ट पक्की पटली आहे. प्रशिक्षणावर कुऱ्हाड पडते तेव्हा ते अनावश्यक आहे असा विचार कुणी केलेला नसतो. त्याचा तोटा कोणत्याही लेखाशीर्षात नोंदवला जात नाही, एवढंच त्यामागचं कारण असतं.

बहुतेक खात्यांत या सवयीचं नुकसान होतं, पण ते भरून काढता येतं. एक जागा मात्र अशी आहे की तिथे ती मुळावरच घाव घालते. ती म्हणजे राखीव सैन्य. याचं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण ब्रिटनमध्ये 2009 च्या ऑक्टोबरात घडलं. तिथल्या प्रादेशिक सेनेच्या, म्हणजे टेरिटोरियल आर्मीच्या, प्रशिक्षणातून 2 कोटी पौंड वाचवायचे आणि त्यासाठी पुढच्या एप्रिलपर्यंत, सुमारे सहा महिने, नेहमीचं प्रशिक्षण जवळजवळ बंद ठेवायचं असं ठरलं. ज्यांची अफगाणिस्तानला जाण्यासाठी निवड झाली होती त्यांना सूट होती. ब्रिटनचं सरकारी आर्थिक वर्षही आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च असतं, त्यामुळे ही तारीख कुठून आली हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. ब्रिटनचा त्या वर्षीचा संरक्षण खर्च 35 अब्ज पौंडांच्या वर होता. त्यापुढे 2 कोटी म्हणजे हजारातला एक भागही नव्हे. मंदीमुळे नियमित सैन्यात भरतीला गर्दी झाली आहे, नव्या जवानांचा खर्च वाढला आहे आणि अफगाणिस्तानातल्या युद्धाला पहिला मान दिलाच पाहिजे, असं सरकारच्या बाजूने सांगण्यात आलं. त्याच महिन्यात पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी अफगाणिस्तानातली फौज काही अटींवर 9 हजार 500 पर्यंत नेण्याची घोषणा केली होती. म्हणजे फौज वाढत होती आणि तिला माणसं पुरवणारा साठा त्याच वेळी थांबवला जात होता.

ही कपात एवढी सोपी का वाटली, हे कळायला त्या दलातल्या पगाराची रीत पाहावी लागते. या दलातला माणूस महिन्याच्या पगारावर नसतो. तो बँकेत, कारखान्यात, शाळेत किंवा रुग्णालयात नोकरी करतो, आठवड्यातल्या एका संध्याकाळी, पुष्कळ ठिकाणी मंगळवारी, ड्रिल हॉलमध्ये येतो, काही शनिवार-रविवार मैदानात घालवतो आणि वर्षातून एकदा पंधरा दिवसांच्या शिबिराला जातो. बहुतेक तुकड्यांत वर्षाला 27 दिवसांची हजेरी अपेक्षित असते. पैसे मिळतात ते हजेरीच्या दिवसांचे. वर्षभराची अट पूर्ण केली तर वर्षअखेर करमुक्त बक्षीस रक्कम मिळते. लष्कराच्या हिशेबात या दिवसांना ‘मॅन ट्रेनिंग डेज’ म्हणतात आणि प्रत्येक तुकडीला त्यांचा वार्षिक कोटा ठरवून दिलेला असतो. हिशेबनिसाच्या डोळ्यांनी पाहिलं तर यापेक्षा सोयीचा खर्च नाही. कुणाला कामावरून काढावं लागत नाही, कुठलं कंत्राट मोडावं लागत नाही, नुकसानभरपाई नाही, सूचनेची मुदत नाही. कोटा शून्यावर आणला की पुढच्या आठवड्यापासून बचत सुरू.

पण हाच हिशेब उलट बाजूने मांडून पाहावा. ड्रिल हॉलची इमारत तशीच उभी राहते, शस्त्रागाराची राखण तशीच करावी लागते, तिथे नेमलेल्या कायम नोकरीतल्या प्रशिक्षकांचे आणि कारकुनांचे पगार चालूच राहतात, गाड्यांची देखभाल चुकत नाही. सगळा स्थिर खर्च जागच्या जागी राहतो आणि ज्याच्यासाठी तो केला जातो ती गोष्ट तेवढी बंद होते. माझ्या मते कपातीचा हा सगळ्यांत महागडा प्रकार आहे, कारण यात खर्च कमी होतो थोडा आणि त्या खर्चाचं फळ जातं सगळं. 2 कोटी पौंड वाचले असं पत्रकात दिसलं असतं. त्या सहा महिन्यांत रिकाम्या इमारतींवर आणि शिकवायला कुणी नसलेल्या प्रशिक्षकांवर किती गेले, हे त्याच पत्रकात दिसलं नसतं.

याहून खोल मुद्दा माणसांचा आहे. नियमित सैन्यात एखादा सराव पुढे ढकलला तर जवान बराकीतच असतो. त्याचा हात थोडा गंजतो, पण सराव पुन्हा सुरू झाला की तो तिथेच सापडतो. राखीव सैनिकाला दलाशी बांधून ठेवणारं दुसरं काहीच नसतं. संध्याकाळची हजेरी हाच त्याचा आणि सैन्याचा संबंध. ती सहा महिने बंद ठेवायची म्हणजे त्या माणसाला सहा महिने आम्हाला तुझी गरज नाही असं कळवायचं. त्याच्या घरी लहान मुलं असतात, नोकरीतल्या वरिष्ठांनी आधीच कुरकूर केलेली असते, मंगळवारची संध्याकाळ दुसऱ्या कशाने तरी भरायला वेळ लागत नाही. आपल्याकडच्या ढोल-ताशा पथकाचा सराव आषाढात बंद ठेवला तर भाद्रपदात ढोल सगळे जागेवर असतील, पण रांग उभी राहणार नाही, आणि राहिलीच तरी ठेका एक पडणार नाही. पुन्हा आधी जातात ते कोण, हेही पाहायला हवं. ज्यांना बाहेर चांगली नोकरी आहे, ज्यांच्या वेळेला किंमत आहे, जे सात-आठ वर्षं टिकून आता इतरांना शिकवू लागले आहेत, तेच आधी जातात. एक अनुभवी सार्जंट गेला तर त्याच्या हाताखाली तयार होऊ शकणारी मुलंही गेली. ही गळती भरून काढायला सहा महिने पुरत नाहीत.

यावर लगेच येणारा आक्षेप असा की अफगाणिस्तानला जाणाऱ्यांचं प्रशिक्षण तर वाचवलं होतं, मग बिघडलं काय? आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. त्या काळात अफगाणिस्तानात प्रादेशिक सेनेचे शेकडो लोक होते. कॅम्प बॅस्टियनमधलं युद्धरुग्णालय चालवण्यात राखीव वैद्यकीय तुकड्यांचा मोठा वाटा होता. एरवी सरकारी रुग्णालयांत काम करणारे शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, परिचारिका तिथे पाळीपाळीने जात. पण त्यांची निवड होते कुठून? ज्या तुकड्या दर आठवड्याला जमतात त्यांतूनच. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांची नावं या वर्षीच्या हजेरीपटातून निघतात. रवाना होण्याआधीचं खास प्रशिक्षण काही महिन्यांचं असतं खरं, पण ते आधीच्या कित्येक वर्षांच्या पायावर चढवलेलं असतं. ज्याने सहा महिने रायफल हातात धरलेली नाही, वायरलेस चालवलेला नाही, आपल्या तुकडीतल्या माणसांबरोबर एक रात्रही उघड्यावर काढलेली नाही, त्याला ते खास प्रशिक्षण पहिल्या धड्यापासून सुरू करावं लागेल. निवड झालेल्यांना सूट देऊन सरकारने त्या वर्षाची गरज सांभाळली. त्यानंतरच्या वर्षाची गरज कुणाच्याच टेबलावर नव्हती.

थांबवलेलं प्रशिक्षण पुढे घाईघाईने भरून काढता येत नाही, याचा दाखला ब्रिटनच्याच इतिहासात आहे आणि तो फार जड आहे. युद्धमंत्री हॉल्डेन यांच्या सुधारणांतून हे दल 1 एप्रिल 1908 ला अस्तित्वात आलं. पहिल्या महायुद्धाच्या पहिल्याच शरद ऋतूत, ऑक्टोबर 1914 च्या अखेरीस, लंडन स्कॉटिश ही त्यातली पलटण बेल्जियममध्ये मेसीनच्या लढाईत उतरली होती. म्हणजे आठवड्याला एक संध्याकाळ देणारे नागरिक लढू शकतात हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. दोन युद्धांच्या मधल्या वर्षांत मात्र या दलाकडे पैशाचा ओघ आटला. मग हिटलरने प्राग घेतल्यावर एकदम जाग आली. 29 मार्च 1939 ला युद्धमंत्री लेस्ली होअर-बेलिशा यांनी प्रादेशिक सेना दुप्पट करण्याची घोषणा केली: 1 लाख 30 हजारांचं मैदानी दल आधी पूर्ण संख्येवर, म्हणजे 1 लाख 70 हजारांवर न्यायचं आणि मग 3 लाख 40 हजार करायचं. कागदावर ते जमलं. प्रत्येक जुन्या तुकडीने आपल्यातली थोडी जाणती माणसं काढून दुसरी तुकडी उभी करायची होती. प्रशिक्षक नव्हते, हत्यारं नव्हती, जागा नव्हत्या. पाच महिन्यांत युद्ध सुरू झालं. या नव्या तुकड्यांतून उभ्या राहिलेल्या 12 व्या आणि 23 व्या डिव्हिजन 1940 च्या वसंतात फ्रान्सला पाठवल्या गेल्या त्या मुख्यतः मजुरीच्या कामाला, आणि जमेल तसं प्रशिक्षण तिथेच पुरं करायला. त्यांच्याजवळ तोफखाना जवळजवळ नव्हता. 20 मे 1940 ला जर्मन रणगाडे आरासच्या दक्षिणेकडून समुद्राकडे निघाले तेव्हा त्यांच्या वाटेत हीच माणसं उभी होती. एका दिवसात या डिव्हिजनची दाणादाण उडाली. यात त्या माणसांचा दोष शोधू नये. त्यांतल्या अनेकांनी नेमबाजीचा सरावसुद्धा पुरेसा केलेला नव्हता. 1939 मध्ये पैसा मिळाला, पण गेलेली वर्षं त्या पैशात विकत मिळत नव्हती.

मी कोणत्याही कपातीच्या विरोधात बोलते आहे असं कुणी समजू नये. 1998 मध्ये ब्रिटनच्या संरक्षण धोरणाचा रीतसर फेरविचार झाला आणि हेच दल सुमारे 56 हजारांवरून 41 हजारांच्या आसपास आणायचं ठरलं. शीतयुद्ध संपलं होतं, मायदेशाच्या रखवालीसाठी इतक्या पायदळ पलटणी लागणार नाहीत, वैद्यकीय आणि पुरवठ्याची माणसं जास्त लागतील, असा युक्तिवाद मांडला गेला. त्यावर वाद झाला, तुकड्यांची नावं घेऊन झाला. पाच वर्षांनी इराकसाठी हजारो राखीव सैनिकांना बोलावणं धाडावं लागलं तेव्हा तो निर्णय बरोबर होता का यावर पुन्हा चर्चा होऊ शकली, कारण तो निर्णय म्हणून घेतलेला होता. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे कुणीतरी आपल्या नावाने सांगितलं होतं. 2009 मध्ये तसं काही ठरलंच नव्हतं. दल लहान करायचं असं कुणी म्हणालं नव्हतं, त्याची गरज संपली असं कुणी म्हणालं नव्हतं. संख्या तीच, कामं तीच, फक्त सहा महिने काही करू नका. धोरण न बदलता धोरणाचा पाया काढून घेण्याचा हा प्रकार होता, आणि माझा आक्षेप नेमका त्यावर आहे.

मग त्या निर्णयावर जे वादळ उठलं त्याच्याकडे कसं पाहायचं? हुजूर पक्षाचे नेते डेव्हिड कॅमेरून आणि त्यांचे संरक्षण प्रवक्ते लियम फॉक्स यांनी सरकारला धारेवर धरलं. सत्ताधारी मजूर पक्षातूनही नाराजीचे आवाज आले. सरकारने आधी अर्धं पाऊल मागे घेतलं: 25 लाख पौंड परत देऊ, महिन्यातून एक संध्याकाळ प्रशिक्षण चालू ठेवू. त्याने कुणाचं समाधान झालं नाही. 28 ऑक्टोबरला संरक्षणमंत्री बॉब एन्सवर्थ यांनी सगळीच कपात मागे घेतली. निवडणूक सहा-सात महिन्यांवर होती. तेव्हा हे सगळं राजकारण होतं, विरोधकांना सैनिकांचा कळवळा नव्हता, ब्राउन यांना कोंडीत पकडायचं होतं, असं म्हणणारे बरेच आहेत. हेतूंचं मला सांगता येणार नाही. पण हिशेबाच्या कामातून आलेलं माझं मत असं की त्या वेळी या कपातीचा तोटा मोजणारं दुसरं साधनच शिल्लक नव्हतं. अर्थखात्याच्या तक्त्यात बचतीचा रकाना होता, गळतीचा नव्हता. लष्कराच्या वरिष्ठांना ठरावीक रक्कम शोधून द्यायची होती आणि ती त्यांनी दिली. जे सैनिक दल सोडून जाणार होते त्यांचा आवाज कोणत्याही बैठकीत पोचत नव्हता. तो पोचला मतदारसंघातल्या खासदारांमार्फत. प्रत्येक जिल्ह्यात ड्रिल हॉल आहे, प्रत्येक खासदाराच्या भागात या दलातले लोक, त्यांच्या घरचे आणि त्यांचे मालक आहेत. राखीव दल समाजात विखुरलेलं असतं, ही त्याची एरवी अडचण ठरणारी गोष्ट या वेळी त्याच्या उपयोगी पडली. विरोधकांचा हेतू कितीही मतलबी धरला, तरी त्यांनी विचारलेला प्रश्न हिशेबात राहून गेलेला होता, आणि त्याचं उत्तर सरकारजवळ नव्हतं. ते असतं तर दोन टप्प्यांत माघार घ्यायची वेळ आली नसती.

तरी या विजयाचं फार कौतुक करवत नाही. पैसे परत मिळाले, पण ज्या पद्धतीने ते काढून घेतले गेले होते ती जागची हलली नाही. मे 2010 मध्ये सत्तापालट झाला. 2009 मध्ये जे विरोधात उभे होते त्यांनी सत्तेत येऊन राखीव दलावर आजवरचा सगळ्यांत मोठा भार टाकला. नियमित सैन्य 1 लाख 2 हजारांवरून 82 हजारांवर आणायचं आणि त्याची भरपाई म्हणून प्रशिक्षित राखीव सैनिक 30 हजार करायचे, असा तो बेत होता. 2013 च्या श्वेतपत्रिकेत त्यासाठी दहा वर्षांत 1.8 अब्ज पौंडांची तरतूद सांगितली गेली आणि दलाचं नावही बदलून ‘आर्मी रिझर्व्ह’ झालं. त्या वेळी प्रशिक्षित संख्या 19 हजारांच्या आसपास होती. जून 2014 मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने स्पष्ट लिहिलं की इतके राखीव सैनिक इतक्या मुदतीत उभे राहू शकतात का, याची तपासणी न करताच हा निर्णय घेतला गेला. नियमित सैन्यातली कपात ठरल्याप्रमाणे झाली, किंबहुना लवकर झाली. राखीव संख्या मात्र रखडत वाढली आणि 2019 मध्येही 27 हजारांच्या जवळपासच होती. कपात करायला आदेश पुरतो, माणूस तयार व्हायला त्याने स्वतः वर्षानुवर्षं यावं लागतं, हा फरक दोन्ही पक्षांच्या सरकारांनी सारखाच नजरेआड केला. आणि 2020 च्या अखेरीस, पुन्हा हुजूर पक्षाच्याच राज्यात, नौदलाच्या राखीव दलाचं प्रशिक्षण पैसे वाचवण्यासाठी आर्थिक वर्ष संपेपर्यंत थांबवायचं ठरल्याची बातमी आली. दल वेगळं, पक्ष वेगळा, वर्ष वेगळं, आणि मुदत तीच, मार्चअखेरपर्यंत.

आपल्या वाचकाला हा विषय परका वाटू नये. भारताची प्रादेशिक सेना 1948 च्या कायद्याने उभी राहिली आणि 9 ऑक्टोबर 1949 ला तिचं उद्घाटन झालं. आपापली नोकरी सांभाळून वर्षातला ठरावीक काळ गणवेशात घालवणारा नागरिक हीच तिच्याही रचनेतली मूळ कल्पना आहे. मराठी घरांतली कितीतरी माणसं तिच्यात आहेत. महेंद्रसिंह धोनीला 2011 मध्ये मिळालेल्या मानद लेफ्टनंट कर्नल हुद्द्यामुळे तिचं नाव घराघरांत पोचलं, पण तिचं खरं बळ हजेरीपटावरच्या नावांत आहे. त्या नावांचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडला जातो हा प्रश्न आपल्याकडेही विचारावा लागेल.

ब्रिटनने पुढे एक गोष्ट मात्र चांगली केली. 2014 च्या संरक्षण सुधारणा कायद्याने राखीव दलांच्या स्थितीवर दरवर्षी एक अहवाल तयार करून तो संसदेपुढे ठेवणं बंधनकारक केलं. हा अहवाल संरक्षण खात्याच्या बाहेरच्या, राखीव दलांशी संबंधित स्थानिक संघटना लिहितात. भरती किती, गळती किती, प्रशिक्षण किती, इमारतींची हालत काय, हे एका ठिकाणी नोंदवलं जातं. जो रकाना 2009 मध्ये नव्हता तो या कायद्याने आखला. पण अहवाल येतो तो झालेल्या गोष्टींवर, आणि कपातीचा कागद ऑक्टोबरात फिरतो. माझ्यासारख्या टेबलावर बसलेल्या माणसाला त्या वेळी उपयोगी पडेल अशी तरतूद साधी आहे. राखीव प्रशिक्षणाच्या दिवसांचा कोटा एप्रिलमध्ये ठरला की त्या वर्षापुरता तो पगारासारखाच बांधील धरायचा. तो बदलायचा असेल तर पुढच्या एप्रिलपासून, आणि किती माणसं दल सोडतील, ती परत उभी करायला किती वर्षं आणि किती पैसे लागतील, याचा अंदाज सेनाप्रमुखांच्या सहीने त्याच प्रस्तावाला जोडायचा. तो अंदाज चुकू शकेल. तरीही बचतीच्या आकड्याशेजारी तो लिहिलेला असला, तर कापणाऱ्याला दोन्ही आकडे वाचूनच सही करावी लागेल.